बारशाआधी
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : तहसील कचेरीतली अभिलेख खोली. लाल कापडात बांधलेले रुमाल. गाठ सोडणारे हात, उडणारी धूळ.)

हे रुमाल कित्येक वर्षांत कुणी सोडले नव्हते. २०२३ साल संपता संपता कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला. नाशिक जिल्ह्यातल्या कचेऱ्यांतही तेच. सगळ्यांना हवं होतं एकच, पणजोबाच्या नावापुढे लिहिलेली जात. बोट त्या एका रकान्यावरून खाली सरकायचं. शब्द सापडला की मोबाइलवर फोटो, नाही सापडला की पुढचं पान.

आम्हीही तेवढ्यासाठीच आलो होतो, एका मित्राच्या दाखल्यासाठी. कॅमेरा सोबत होता, म्हणून चालू केला.

(क्लोजअप : पिवळं पडलेलं पान. काळ्या शाईतली मोडी. पानाची कड कसरीनं खाल्लेली.)

हा गाव नमुना नंबर १४. बोलीत कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर कोतवालानं आणायची आणि पाटलानं ती लिहायची किंवा लिहून घ्यायची. जन्म, मृत्यू, जात, वय, कारण. सरकारला माणसं मोजायची होती. ती का मोजायची होती, हा वेगळा विषय.

आमचे मोडी वाचक म्हणजे एक निवृत्त गुरुजी. ते जात वाचत होते. दहाबारा पानं झाल्यावर थांबले. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्ही जरा वयाचा रकाना बघा हो."

(कॅमेरा वयाच्या रकान्यावर. गुरुजींचा आवाज : "तीन दिवस... आठ दिवस... सहा महिने... दोन वर्षं... साठ... आठ दिवस... आठ दिवस... एक वर्ष...")

(इथे निवेदन नाही. १२ सेकंद.)

या ओळींत बाळाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. नाव कुठून असणार? नाव ठेवायला बारावा दिवस उजाडावा लागतो.

आणि कारणाचा रकाना? ताप, ताप, ताप, हगवण, ताप. कोतवाल काही वैद्य नव्हता. देवी आणि पटकी, म्हणजे कॉलरा, या दोन गोष्टी त्याला नक्की ओळखता यायच्या. बाकी सगळ्याला ताप. इंग्रजी अमदानीतल्या साऱ्या हिंदुस्थानच्या मृत्युनोंदीत 'ताप' हेच सगळ्यात मोठं कारण दिसतं ते असं. अधिकारीही अहवालात त्याबद्दल कुरकुर करायचे.

(दृश्य : रामकुंड, सकाळ. पिंडदान. तीर्थोपाध्यायांच्या लांबट वह्या उघडल्या जातात.)

माणसं नोंदवण्याची नाशिकची स्वतःचीही एक जुनी रीत आहे. रामकुंडावर कुणी आलं की गाव आणि आडनाव विचारलं जातं, आणि वहीतून आजा-पणजाची नावं निघतात. कोण कधी आलं, कुणाला किती मुलगे, सगळं त्यात असतं. आजही लोक आपलंच घराणं वाचायला या वह्यांसमोर बसतात आणि हरखून जातात.

पण दात येण्याआधी गेलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत. त्याला पुरतात. त्याचं श्राद्ध नाही, पिंड नाही, म्हणून वहीतही ते नाही. घराण्याच्या स्मरणातून ते बारशाआधीच वजा झालेलं असतं. कोतवाल बुकातली ती अर्धी ओळ तेवढी उरते.

(दृश्य : जुने कौटुंबिक फोटो. नावांच्या पाट्या. शाळेच्या जुन्या हजेरीपटातली नावं.)

आणि उरतात मागून आलेल्या भावंडांची नावं.

दगडू. धोंडू. केरू. उकिर्डा. भिकाजी. कोंडीबा. आज ही नावं ऐकली की हसू येतं. सिनेमात ती गावंढळ माणसाला दिलेली असतात. पण ही अडाण्यांची नावं नव्हेत, भ्यालेल्या आईबापांची आहेत. दोन गेली, तीन गेली, आता हे जगावं म्हणून त्याला नजर लागणार नाही असं काहीतरी म्हणायचं. दगड, केर, उकिरडा. मूल शेजारणीच्या ओटीत घालायचं आणि पसाभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं. तो कोंडाजी. मुलाचं नाक टोचायचं, म्हणजे मृत्यूला वाटावं मुलगी आहे. मुलगी नेली तरी चालेल, हे त्यात न बोलता आलंच. 'नकुसा' हे नाव मात्र या यादीतलं नव्हे, ते मूल नको होतं म्हणून ठेवलेलं. २०११ साली साताऱ्यात अशा मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली.

तुमच्या घरात कुणी दगडूआजोबा होऊन गेले असतील, तर त्यांच्या आधी कोण कोण गेलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा.

(दृश्य : काळाराम मंदिराचा पूर्व दरवाजा. गर्दी. काळा दगड.)

१९३० सालच्या २ मार्चला या मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, हे नाशिककरांना सांगायला नको. तो उभा करणारे डॉ. आंबेडकर आईबापांचं चौदावं अपत्य होते. त्या चौदांपैकी बरीच लहानपणीच गेली. पुढे बाबासाहेब आणि रमाबाईंना पाच मुलं झाली. त्यांतला एकटा यशवंत जगला. परदेशात शिकलेल्या बॅरिस्टरच्या घरचा हा हिशेब. कोतवाल बुकातल्या शेतमजुराचा काय असेल?

(दृश्य : पेठ रस्ता. सावळघाट. पावसाळ्यानंतरची हिरवी डोंगरउतारं. नागलीची खाचरं.)

बालमृत्यूंचा इतिहास सांगायला बसलं की माणसं साथींबद्दल बोलतात. दुष्काळ, प्लेग, १९१८ ची मानमोडी. ते खरंच आहे. इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत, आणि १९१८ च्या ऑक्टोबरची पानं कुठल्याही कोतवाल बुकात जाड असतात. पण गुरुजींनी दाखवलेला रकाना साथीचा नव्हता. सुगी चांगली झालेल्या वर्षीही त्यात 'आठ दिवस' होतंच. साथ येते आणि जाते. आठवा दिवस मात्र चुकत नव्हता.

आठव्या दिवशी काय व्हायचं, ते विचारायला आम्ही पेठ तालुक्यात गेलो.

(दृश्य : कुडाचं घर. ओटीवर बसलेल्या आजी. समोर ॲल्युमिनियमचा डबा.)

या आजींनी चाळीस वर्षं सुईणपण केलं. किती बाळंतपणं केली, याचा आकडा त्यांना सांगता येत नाही. "मोजायची कशाला? पोरं होती ती, कोंबड्या का होत्या?"

नाळ कशानं कापायच्या, हे आम्ही विचारलं. त्या हसल्या. उठल्या आणि घराच्या भिंतीपाशी गेल्या.

(क्लोजअप : सारवलेला कूड. आजींची बोटं एक बांबूची कामटी उपसून काढतात. कामटीला चिकटलेलं वाळकं शेण-माती त्या लुगड्याला पुसतात.)

"ही अशी. हिला धार असते. विळ्यापरीस बरी. तवा बिलेड कुठं होतं?"

(कामटीचा स्थिर क्लोजअप. ५ सेकंद.)

या कामटीवर जरा थांबू या, कारण अख्खा रकाना हिच्यात आहे.

कूड म्हणजे कारवी किंवा बांबूची भिंत. ती शेण-मातीनं सारवलेली. धनुर्वाताचे जंतू शेणात आणि मातीतच राहतात. एका कवचात, बियाण्यासारखे, वर्षानुवर्षं. उन्हानं मरत नाहीत, नुसतं पुसून जात नाहीत. कापलेली नाळ ही बाळाच्या अंगावरची ताजी जखम. जखमेवर कुठे राख लावायची पद्धत, कुठे हळद-तेल, कुठे शेण. जंतू आत गेला की तो स्वतः फार पसरत नाही. नाळेपाशीच बसून विष करतो, आणि ते विष मज्जातंतूंत चढतं.

पहिले दोन दिवस बाळ छान असतं. रडतं, ओढून दूध पितं. मग एक दिवस तोंड उघडेना होतं. जबडा बसलेला असतो. आईला वाटतं, दूध आवडेना. मग मुठी वळतात, अंग ताठ होतं, पाठीची कमान होते, धनुष्यासारखी. म्हणून धनुर्वात. दाराचा आवाज झाला तरी झटका येतो. हे सगळं साधारण तिसऱ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत होतं, आणि सगळ्यात जास्त सातव्या-आठव्याच्या आसपास.

आता पंचांग बघा. पाचवी, सहावी, बारावा.

(दृश्य : सहावीची पूजा. पाटा-वरवंट्याला हळदकुंकू. कोरा कागद, पेन. पणती. उशाशी विळा.)

सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं प्राक्तन लिहून जाते. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. दिवा विझू द्यायचा नाही, बायांनी रात्रभर जागायचं. वाईट काही जवळ येऊ नये म्हणून उशाशी लोखंड ठेवायचं, विळा नाहीतर कोयता. सटवाई लिहिते आणि तीच नेतेही. बाळ आठवड्यात गेलं की बाया म्हणायच्या, "सटवीनं नेलं."

रोग कुठल्या दिवशी गाठतो, हे त्या बायांना बरोब्बर ठाऊक होतं. जागरणाची रात्र त्यांनी अचूक जागी ठेवली होती. बारसं बाराव्याला का, याची शास्त्रात वेगळी कारणं दिलेली असतील. मला त्यात एवढंच दिसतं की बारावा दिवस उजाडला म्हणजे बाळ बहुधा त्या खिंडीतून पार पडलं, आता नाव द्यायला हरकत नाही. आणि ज्या विळ्यानं कधी कधी नाळ कापलेली असायची, तोच राखणीला उशाशी असायचा.

(दृश्य : आजी डबा उघडतात. आत साबणाची वडी, दोऱ्याचं बंडल, प्लास्टिकचा कागद, वेष्टनातली ब्लेड.)

पुढे सरकारनं सुईणींना शिकवायला सुरुवात केली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. आजी पाच बोटांवर मोजून दाखवतात, आणि पाचव्याला सांगतात, "नाळंला काहीबी लावायचं नाय. कोरडी ऱ्हाऊ द्यायची." अख्ख्या प्रशिक्षणात हे मान्य करणं त्यांना सगळ्यात जड गेलं होतं. काही न लावणं म्हणजे काळजी न घेणं, असंच त्यांना वाटायचं.

शेवटच्या ब्लेडच्या कागदाला गंजाचे डाग पडलेत. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. डबा मात्र त्यांनी टाकलेला नाही.

ब्लेड हा एक उपाय. दुसरा आईच्या दंडात. गरोदरपणी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं घेतली की आईच्या रक्तातलं संरक्षण बाळात उतरतं. २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. उच्चाटन म्हणजे शून्य नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी, असा तो अर्थ. तरी त्या बातमीला वर्तमानपत्रांत जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही. मोठ्या हुद्द्याचं कुणी आठव्या दिवशी मरत नाही ना.

(दृश्य : आजींच्या दंडावरचा देवीचा व्रण. मग शेजारच्या आणखी दोघांचे दंड.)

आजींच्या दंडावर हे दोन चट्टे आहेत, रुपयाएवढे. देवी काढल्याचे. आपण रोगाला देवी म्हणालो आणि लस टोचण्याला 'देवी काढणं'. गोवर, कांजिण्या यांनाही असाच मान. अंगावर आलेल्या देवीला औषध द्यायचं नसतं, कडुलिंबाचा पाला टांगायचा, शिळं नैवेद्याला ठेवायचं. म्हणून टोचायला आलेल्या सरकारी माणसाला बघून बाया पोरं घेऊन शेतात पळायच्या. आजीही पळाल्या होत्या. सापडल्या.

मुंबईत १८०२ सालच्या १४ जूनला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली लस. तेव्हा बाटली नव्हती, बर्फ नव्हता. लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशीच प्रवास करायची. तिच्यावरून पाच मुलांना, त्यांच्यावरून पुढे. देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला १९७५ साली. पावणेदोनशे वर्षं लागली.

(दृश्य : मुंबईतली जुनी चाळ, अंधारा जिना. वीस सेकंदांचं जुनं चित्रण.)

शहरात बरं होतं, असं समजू नका. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त अर्भकमृत्यू नोंदले गेले. यात थोडी मेख आहे. बाळंतपणाला बाया गावी जायच्या, जन्म तिकडे, मृत्यू इकडे, म्हणून आकडा फुगायचा. पण मेख वजा केली तरी उरतं ते भयंकरच. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, आई गिरणीत, आणि बाळ झोपून राहावं म्हणून अफूची बाळगोळी.

त्याच्या वीस वर्षं आधी, १९०० च्या सुमाराला, खुद्द इंग्लंडात हजारामागे दीडशेच्या आसपास अर्भकं मरत होती. मग तिथला आकडा घसरला, पेनिसिलिन निघायच्याही कितीतरी आधी. नळाचं पाणी, गटारं, दूध, आयांचं शिक्षण आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिका. औषध नंतर आलं.

आपल्याकडे १९७१ साली देशाचा अर्भकमृत्युदर, म्हणजे दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत गेलेली बाळं, होता १२९. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि तिथल्या मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. जलसंजीवनी ती हीच. कारणाच्या रकान्यातल्या 'हगवणी'वरचा उतारा चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर.

२०२० साली हा दर देशात २८ होता, महाराष्ट्रात १६.

(दृश्य : पेठ तालुक्यातलाच दुसरा पाडा. सकाळ. स्कूटीवरून उतरणाऱ्या आशाताई. पाठीला पिशवी.)

पण देशाच्या त्या २८ मधले २० मृत्यू पहिल्या महिन्यातलेच होते. देवी गेली, पटकी ओसरली, धनुर्वात जवळजवळ गेला, आणि उरलेले मृत्यू पुन्हा त्याच बारशाच्या आसपास येऊन जमा झाले. आता कारणं वेगळी. दिवस भरायच्या आत झालेलं बाळ, कमी वजनाचं बाळ, जन्मताना गुदमरलेलं बाळ, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया.

यावर गडचिरोलीत काम झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदीच्या दशकात ३९ गावांतल्या बायांना शिकवलं. बाळ कसं पुसायचं, कसं गुंडाळायचं, श्वास कसा मोजायचा, कधी इंजेक्शन द्यायचं. नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त उतरले. १९९९ साली ते छापून आलं. नंतर तीच रीत देशभरातल्या आशांच्या गळ्यात पडली. गळ्यात म्हणतो, कारण त्या कामाचा मोबदला विचारायला त्यांना अजूनही मोर्चे काढावे लागतात.

(क्लोजअप : छताच्या वाशाला अडकवलेला झोळीचा काटा. झोळीत बाळ. काट्याचा लाल, पिवळा, हिरवा पट्टा. काटा हलतो, थांबतो.)

आशाताईंनी घरी यायचे दिवस ठरलेले आहेत. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आज सातवा.

काटा थांबतो. एक किलो नऊशे.

आशाताई आधी हात धुतात. साबण लावून, कोपरापर्यंत, मग हवेत वाळवतात. पदराला पुसत नाहीत. नाळ बघतात. कोरडी. बगलेत तापमापी लावतात. बाळाच्या छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजतात, ओठ हलतात पण आवाज नाही. मग आईला सांगतात, "पोटाशी धर गं. झोळीत नको. उघड्या अंगाला उघडं अंग. कांगारू धरतो तसं." आई विचारते, "कांगारू म्हंजी?" घरातली आजी म्हणते, "माकडीण धरती तसं, गं!"

(सगळ्या हसतात. हसू पूर्ण जाऊ द्यावं. निवेदन नाही.)

(दृश्य : अंगण. पत्र्याची पेटी, बांधलेली बोचकी. रस्त्यावर उभा टेम्पो.)

नागली-भात निघाले की पाड्यावर काम उरत नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची छाटणी, बांधणी, थिनिंग यांच्याच हातांनी होते. बाळंतीणही जाते. बाळ वेलीच्या मांडवाखाली, लुगड्याच्या झोळीत. चौदाव्याची, एकविसाव्याची भेट चुकते. १९९२ साली इथून जवळ, जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा मंत्री आले, योजना आल्या. बागेतल्या झोळीपर्यंत मात्र अजून कुणाचा काटा पोचत नाही.

(क्लोजअप : आशाताईंचा भेटीचा तक्ता. बॉलपेन.)

हे कुटुंब बारसं उरकून निघणार आहे. आणखी पाच दिवस.

तक्त्यात 'बाळाचे नाव' असा रकाना आहे. तिथे आशाताईंनी आईचं नाव लिहिलंय आणि पुढे 'मुलगी'.

खाली कोपऱ्यात, जिथे काहीच लिहायचं नसतं तिथे, त्या एक मोबाइल नंबर लिहून घेतात.

"कुणाचा?" आम्ही विचारतो.

"मुकादमाचा. चौदाव्या दिवशी लावीन त्याला. उचलत नाही मेला, पण लावीन."

(टेम्पोचा हॉर्न. आशाताई तक्ता पिशवीत घालतात, झोळी सोडून घडी करतात. चित्र काळं.)